बुजवलेल्या भेगा

चूक माझी होती. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला कुठेतरी सवलत देईन अशी मला भीती आहे. दहा वर्षं मी तेच करत आलो. वैशाखातल्या एका दिवशी, पूर्णाकाठच्या आमच्या गावात, शेवंता तायडे या माझ्या विद्यार्थिनीनं मला सांगितलं होतं की मैदान खालून पोकळ आहे. मी तिथल्या हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो आणि ते मैदान मीच तयार केलं होतं. मी तिचं ऐकलं नाही. थोड्याच वेळात तिचा पाय त्या मैदानात गेला. पण माझी खरी चूक त्यानंतरची आहे. ती मी अगदी शुद्धीवर असताना, सावलीत उभा राहून केली.

आता मी अमरावतीला असतो. यंदा चैत्र लागला आणि घराच्या अंगणात एक भेग उमटली. सुतळीएवढी बारीक, विहिरीच्या कठड्यापासून निघालेली. वऱ्हाडात यात नवल काही नाही. मी माती भिजवून ती लिंपली. सकाळी ती पुन्हा उघडी होती, आणि वीतभर पुढे सरकली होती. तिसऱ्या दिवशी ती उंबऱ्याशी आली. बायको म्हणाली, "अहो, भेग आहे ती, पाहुणा नाही. इतकं काय टक लावून बघता?" मी हसलो. पण त्या दिवसापासून मागच्या दारानं ये-जा करू लागलो.

काळ्या जमिनीत ज्यांनी उन्हाळा काढला नाही त्यांना भेग म्हणजे काय ते सांगावं लागेल. होळी झाली की रान उलू लागतं. आधी केसासारख्या रेघा, मग बोट जाईल एवढ्या फटी, आणि वैशाखात तर हात कोपरापर्यंत आत जातो. लहानपणी आम्ही त्यांत खडे टाकून कान लावायचो. काही भेगांतून खडा पडल्याचा आवाज यायचा, काहींतून यायचाच नाही. मग जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि वाटायचं, तो खडा अजून खाली जातोच आहे. कुठल्या भेगेच्या तोंडाशी सापाची कात लोंबत असायची आणि वारा नसताना हलायची. दिवस कलला, रान निवू लागलं, की सगळीकडून टक् टक् असा बारीक आवाज यायचा. जुनी माणसं म्हणायची, भुई हाडं मोडते आहे. ऐकायला ते बरं वाटायचं नाही. तरी आम्ही त्याच भुईवर पिकलो, मोठे झालो. तिच्याविषयी मला सगळं माहीत आहे, असा माझा समज होता.

या भेगांमुळेच मी मुलींना नदीत खेळायला नेलं. उन्हाळ्यात पूर्णेची धार एका काठाला चिकटायची आणि उरलेलं पात्र नुसती रेती. भोयांनी टाकून दिलेलं एक जुनं जाळं आणलं, दोन बाभळीच्या मेढी रोवल्या, बांधलं जाळं, झालं मैदान. मुली मिळाल्या चारच, कारण चारच घरांतून हो म्हटलं गेलं. म्हणून सहा-सहा जणींचा व्हॉलीबॉल आम्ही दोन-दोन जणींचा केला. एका बाजूला दोघी, आणि एवढी मोठी रेती सांभाळायची. पाय रुततो, उडी मारायची तर दुप्पट जोर लागतो. शेवंता त्या रेतीवरून अशी उडायची की खाली येताना तिला कुणी हलकेच उतरवून ठेवतं आहे असं वाटावं.

रेतीवर आवाज नसतो. हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. तळहातावर चेंडू बसला की एक थाप ऐकू यायची, बाकी धावणं, पडणं, उठणं सगळं मुकं. ऊन चढू लागलं की रेतीवर झळा नाचायच्या. काठावरून पाहिलं तर मुलींचे पाय त्या झळांत विरघळून गेलेले असायचे. कमरेच्या वरच्या चार मुली तेवढ्या दिसायच्या, हवेत टांगलेल्या, इकडून तिकडे सरकणाऱ्या. मी शिट्टी वाजवून त्यांना थांबवायचो. कारण नसताना. पाय पुन्हा दिसावेत म्हणून.

शेवंता मॅट्रिकच्या वर्गात होती. बाप कोंडूजी, नदीतली रेती गाडीनं वाहायचा. नागपूरच्या दीक्षेला दीड वर्ष होऊन गेलं होतं. तिच्या घरातले देव त्यानंतर नदीत सोडले होते, आणि पोरीनं शिकायचं हे त्या घरात ठरून गेलं होतं. तिच्या मायला खेळ पटत नव्हता. पण "मास्तर म्हणतात तं खेळ बाई," असं म्हणून तिनं परवानगी दिली होती. मास्तर या शब्दावर त्या बाईचा केवढा भरवसा होता, हे मला पुढे कळायचं होतं.

एकदा खेळ थांबवून रेतीत बसलो असताना शेवंतानं विचारलं, "सर, बाया खेळून पोट भरत असतीन का वो कुठी?"

मी उत्तर देण्याआधीच चौघींतली लीला देशमुख म्हणाली, "हो तं! तुह्यासाठी सरकारनं बंगला बांधून ठेवला ना. चेंडू मारत जाय अन् पोया खात जाय."

सगळ्या हसल्या. मी मात्र गंभीरपणे सांगितलं की अमरावतीला मुलींचा संघ उभा राहतो आहे. निवड झाली तर तिथे राहायचं, खेळायचं, खेळाचं शिक्षण घ्यायचं. मग शाळेत नोकरी.

"म्हंजे तुमच्यावानी ड्रिल मास्तर?"

"माझ्यासारखी."

"मंग तुमची नोकरी जाईन नं, सर!" असं म्हणून ती उठली आणि रेतीत लाथ मारून चेंडू उडवला. पण त्या दिवसापासून ती तासभर आधी नदीत येऊ लागली. मी पोचायचो तेव्हा रेतीवर अंगठ्यानं ओढलेल्या रेघा तयार असायच्या, आणि रेघांच्या आत तिच्या एकटीच्या पावलांचे ठसे. निघाल्याचे आणि उतरल्याचे. मधली जागा कोरी.

अमरावतीहून निवड करायला तिघे पाहुणे येणार असं पत्र आलं, तेव्हा मी हेडमास्तरांना म्हणालो की सामना नदीतच ठेवू.

"नदीत?" ते म्हणाले. "पाहुण्यांना काय धोबीघाटावर नेऊन बसवता? शाळेला मैदान आहे ना?"

मैदान होतं. काळं, उललेलं. शेवंतालाही ते दिसत होतं. ती म्हणाली, "सर, बाची गाडी हाय. थो दोन दिवसांत मैदानावर रेती टाकून देईन. म्या इचारलं त्याले."

मी "पाहू" म्हणालो. आता खरं लिहितो. रेती चांगली होती, गाडी होती, माणूस तयार होता. पण शाळेचं मैदान कोंडूजी तायड्याच्या रेतीनं सावरलं, असं गावानं म्हणावं, हे मला नको होतं. हेडमास्तरांनी तसं काही म्हटलं नाही. दुसऱ्या कुणीही म्हटलं नाही. ते मी माझं मीच, मनातल्या मनात म्हटलं. मी शेतकऱ्याचा मुलगा. खळं कसं करतात हे मला येत होतं. मग तायड्याची रेती कशाला?

खळं करायचं म्हणजे भुई भिजवायची, चोपायची, मधे मेढ रोवून बैल गोल गोल फिरवायचे, एकदा नव्हे, दिवसच्या दिवस, आणि मग शेणानं सारवायचं. बैलांच्या पायांखाली भुई घट्ट होते. सारवण नुसतं वरचं. हे मला ठाऊक होतं. पण हातात दोनच दिवस होते, आणि शाळेच्या मैदानावर बैल कुठून फिरवणार? मी भेगांत कुटार, म्हणजे भुसा, कोंबलं, वर ढेकळं फोडून माती लोटली, पाणी मारलं, धुमसानं चोपलं आणि सारवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान घरातल्या ओसरीसारखं दिसत होतं. हेडमास्तर चपला काढून कडेनं त्यावर चालले आणि म्हणाले, "वा!" मलाही तसंच वाटलं. मी स्वतः मात्र त्यावर मधोमध चाललो नाही. का चाललो नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. उत्तर येतं ते मला आवडत नाही.

सामन्याच्या वेळी पाहुणे निंबाच्या सावलीत खुर्च्यांवर बसले होते. मुली मैदानात उतरल्या आणि शेवंता मधेच थांबली. तिनं टाच आपटली. दोन पावलं सरकून पुन्हा आपटली. मग माझ्याकडे आली.

"सर, खालून आवाज येऊन राहिला."

"कसला?"

"रिकाम्या मडक्यावानी. पोकळ हाय सर खाली."

"रेतीवर खेळून खेळून कान बिघडले तुझे."

"तुमी एक डाव उभे राहून पा नं तिथं."

"पाहुणे बसलेत, शेवंता. जा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि गेली. मास्तर म्हणाले म्हणून गेली.

खेळ सुरू झाला आणि तो आवाज मलाही आला. रेतीवर जो खेळ मुका होता तो इथे बोलत होता. प्रत्येक पावलाबरोबर खालून काहीतरी ओ देत होतं, जरा उशिरानं, जरा जड. कुणीतरी घराच्या खाली दुसऱ्या घरात चालावं तसं. पाहुण्यांना तो कळला नसावा, ते मुलींकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होतो. थांबवता आलं असतं. शिट्टी माझ्या तोंडात होती.

शेवंता जाळीपाशी उडाली. इतकी उंच मी तिला नदीतही पाहिली नव्हती. चेंडू पलीकडे गेला, ती खाली आली, आणि खाली येताना थांबलीच नाही. मोडल्याचा किंवा फाटल्याचा आवाज झाला नाही. ती एकदम ठेंगणी दिसू लागली, इतकंच. डावा पाय मांडीपर्यंत भुईत, उजवा मुडपून वर, आणि भोवती सारवण जसंच्या तसं, गुळगुळीत. पेरलेलं काही उगवून यावं तशी ती त्या जमिनीतून वर आलेली दिसत होती. चेंडू घरंगळत घरंगळत एका ठिकाणी थांबला, तेवढीच हालचाल.

मी धावत गेलो. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती रडत नव्हती. काहीतरी ऐकत असल्यासारखी मान तिरपी करून मला म्हणाली, "सर, खाली थंड हाय."

वैशाखातली दुपार होती. अजूनही उन्हात चालताना कधी कधी माझ्या डाव्या पायाला गार वाटतं. डॉक्टरला दाखवलं. त्यांना काही सापडलं नाही.

लोक पहारीनं भोवतालची माती काढू लागले. आत ठासलेलं कुटार बाहेर आलं, अजून कोरडं. तेव्हा पाहुण्यांपैकी एकानं मला निंबाच्या सावलीत बोलावून घेतलं. हातात वही. "हे काय झालं, मास्तर? जमीन अशी कशी?"

मी म्हणालो, "त्या बाजूला कच्ची आहे. मी तिला बजावलं होतं, तिकडे उडी घेऊ नकोस म्हणून. पोरगी ऐकत नाही."

वाक्य इतकं सहज आलं, जणू तोंडात तयार होतं. तिनं मला सांगितलेलं मी उलटं करून तिच्यावर घातलं. पाहुण्यानं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला एकच शब्द वाचता आला. शिस्त.

कोंडूजीच्या गाडीतूनच तिला अकोल्याला नेलं. गाडीच्या फटींत रेती होती, पोतं अंथरून तिला त्यावर निजवलं. पायाला कांबी बांधल्या होत्या. दोन्ही बाजूंना उघडं, उललेलं रान. ऊन उतरू लागलं आणि तो टक् टक् आवाज सुरू झाला, आधी दूर, मग अगदी चाकांपाशी. ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोप लागली.

"सर," ती म्हणाली, "त्याईनं नाव लिवलं का माह्यं?"

"हो," मी म्हणालो. "लिहिलं."

तिच्या ओठांवर जरासं हसू आलं. बरंच अंतर गेलं. बैलांच्या बाजूनं पायी चालणारा कोंडूजी, मागे न पाहता, अगदी हळू म्हणाला, "मास्तर, तुमी सांगतलं होतं म्हणे तिले. तिकडे जाऊ नको म्हणून."

शेवंतानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यासमोर, तिच्या बापाला, "हो" म्हणालो.

या "हो"वरून तिला आधीचा "हो"ही कळला असणार. तिनं पदर ओढून तोंडावर घेतला आणि अकोला येईपर्यंत काढला नाही. पदर श्वासाबरोबर हलतो आहे की नाही, एवढंच मी बघत होतो. कधी कधी तो हलत नसे. तेव्हा जमिनीचा आवाज जास्त मोठा वाटे.

पाय जोडला गेला, पण आखूड. निवड झाली लीलाची. असा संघ तयार केला म्हणून माझं नाव झालं आणि वर्षभरात मला अमरावतीला बोलावणं आलं. इथल्या मैदानावर मुरूम आहे, भेग पडत नाही. तरी प्रत्येक खेळाआधी मी टाच आपटत आपटत सगळं मैदान चालतो. मुलींना वाटतं, सरांची ही काही पद्धत आहे. परवा दोघींनी माझी नक्कल केली. टाच आपटायची, मान तिरपी करायची, कान द्यायचा. ती तिरपी मान पाहून मला मैदानाच्या कडेला बसावं लागलं. मी तशी मान करतो हे मला माहीत नव्हतं. ती माझी नव्हे.

यंदाच परीक्षांच्या दिवसांत लीला भेटली. आता तिचं लग्न झालेलं, कडेवर मूल. शेवंता चांदूर बाजारला प्राथमिक शाळेत मास्तरीण आहे, असं तिनं सांगितलं. बाप गेला, माय तिच्याजवळच असते. मग मूल दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "तिची माय अजून तिले बोलते, सर. मास्तरचं ऐकलं असतं तं पाय राह्यला असता, म्हणते. धाकटीले तं चेंडूले हात लावू देल्ला नाही."

"शेवंता काही सांगत नाही?"

"सांगतलं होतं म्हणे एकदा. माय म्हणे, मास्तर काय खोटं बोलतीन?"

घरी आलो. भेग उंबऱ्याखालून आत आली होती.

दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारची मोटार धरली. वाटभर वाक्यं जुळवत होतो. चांगली, नीट, शाळेतल्या मराठीतली वाक्यं. शेवंताचं घर दोन खोल्यांचं. ती दारात बसून पोरांचे पेपर तपासत होती. मला पाहून उठली. उठताना हात भिंतीला लागला.

"या सर. बसा." तिनं पाणी दिलं. मी जुळवलेली वाक्यं म्हटली. सगळी. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, लाल पेन्सिल हातात तशीच.

"हे मले काहून सांगता, सर?" ती म्हणाली. "मी तिथंच होती ना. मले माईत हाय सारं." मग आतल्या खोलीकडे मान केली. "थे तिले सांगा. पण जोरानं बोला. तिले ऐकू कमी येते."

माय आत सुपात तूर निवडत होती. "कोण व शेवंते? दूधवाला काय?"

"मास्तर हायेत, माय! ड्रिलचे!"

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. ओळख पटली तशी लगबगीनं पदर सावरला, बसायला पोतं पुढे सरकवलं. "मास्तर! बाप्पा! पायलं का, शेवंते? मास्तर आले इतक्या दूर." आणि मला म्हणाली, "तुमी सांगतलं होतं, मास्तर. हेच ऐकली नाई. दहा वर्स झाले, सांगू सांगू थकली मी हिले."

मी बोललो. तिला ऐकू गेलं नाही. तिनं कानामागे हात धरला. मी पुन्हा बोललो, जरा मोठ्यानं. "काय म्हणतेत?" तिनं लेकीला विचारलं. शेवंता भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझं वाक्य मायला सांगितलं नाही. ते तिनं सांगायचं नव्हतंच. आवाज ऐकून शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कोण मेलं की काय, असा त्यांचा चेहरा. मोटारीत जुळवलेलं एकही वाक्य ओरडून म्हणण्यासारखं नव्हतं. मग ज्या भाषेत मी त्या गावात लहानाचा मोठा झालो तीच तोंडात आली. मी गुडघ्यांवर बसलो, त्या माउलीच्या कानाशी तोंड नेलं आणि जीव काढून ओरडलो:

"मायबाई, शेवंतानंच मले सांगतलं होतं! मी तिले नाई सांगतलं! जमीन पोकळ हाय म्हणे थे, अन् मीच ऐकलं नाई! मंग खोटं बोललो मी. पाहुण्याईपाशी बोललो, कोंडूजीपाशी बोललो. तुमची पोरगी नाई चुकली, मायबाई, मी चुकलो! दहा वर्स तुमी जे तिले बोलल्या, थे सारं माह्या वाट्याचं होतं. मले माफ करा. शेवंता, तू बी मले माफ कर."